आम्ही बाबांना पेलासुद्धा उचलू दिला नव्हता

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त पुरेसं ढकलू न शकणाऱ्या रुग्णानेही बेताने व्यायाम करावा, हे लेखातलं म्हणणं सोळा आणे पटलं. बाबांच्या वेळी आम्ही नेमकं उलटं केलं. पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. दोन महिन्यांत मांड्या काटक्यांसारख्या झाल्या आणि दम आधीपेक्षा लवकर लागायला लागला. हृदय कमजोर होतंच, पण पडून राहिल्याने स्नायूही प्राणवायू नीट वापरेनासे होतात, हे आम्हाला कुठे ठाऊक!

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना व्यायाम देऊन पाहणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-अ‍ॅक्शन चाचणीत २३३१ रुग्ण होते. व्यायाम सुरक्षित ठरला, रोजचं जगणं थोडं सुधारलं. थोडंच, हे लेखकाने लिहायला हवं होतं.

आमची गाडी रुळावर आणली ती एका सिस्टरांनी. अंगात पाणी साठतंय का ते कळावं म्हणून त्यांनी वही घालून दिली. सकाळी उठल्यावर लघवी करून, काही खाण्याआधी वजन. ३ दिवसांत २ किलोंहून जास्त वाढलं तर लगेच फोन. मोज्याचा वळ पायावर किती खोल उमटतो, रात्री एक उशी पुरते की दोन लागतात, तेही लिहायचं. चालण्याचा वेगही त्यांनीच सांगितला: चालताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता आलं तर वेग कमी पडतोय. बाबा मग मुद्दाम गुणगुणायचे!

लेखात एक मुद्दा मात्र राहिला. सूज वाढलेली असताना किंवा बसल्या जागी धाप लागत असताना व्यायाम बंद, आधी डॉक्टर. त्या दिवशी ‘चला, पाच मिनिटं तरी’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनाच आवरावं लागतं.