चिलखताच्या जाडीवरून क्रूझर तोलू नका

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात बांधलेल्या हेवी क्रूझरांची, म्हणजे आठ इंची तोफांच्या वेगवान युद्धनौकांची, तुलना निघाली की निकाल जवळपास ठरलेला असतो. पहिला नंबर इटलीच्या 'झारा'ला नाहीतर फ्रान्सच्या 'अल्जेरी'ला. जर्मनीच्या 'हिपर'च्या देखणेपणावर कुणीतरी दोन ओळी लिहितं. आणि तीन उंच धुरांड्यांच्या, पातळ अंगाच्या ब्रिटिश 'काउंटी' वर्गाला तळाशी टाकलं जातं. मला हा निकाल पटत नाही. माझ्या मते या सगळ्या गर्दीत आपलं नेमून दिलेलं काम सर्वात चोख केलं ते काउंटी वर्गाने. तसं का वाटतं ते सविस्तर लिहितो. पोस्ट लांबणार आहे.

आधी करार. ६ फेब्रुवारी १९२२ ला वॉशिंग्टनमध्ये नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या आणि क्रूझरला दोन मर्यादा आल्या: वजन १०,००० टन आणि तोफ ८ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटर. हे आकडे हवेतून आले नव्हते. ब्रिटनकडे साडेसात इंची तोफांची, पावणेदहा हजार टनांच्या आसपासची 'हॉकिन्स' वर्गाची जहाजं होती आणि नवीकोरी जहाजं मोडीत काढायला कोण तयार होणार? मर्यादा त्यांच्या थोडी वर ठेवली गेली. परिणाम असा झाला की कमाल म्हणून ठरलेली मर्यादा हीच प्रत्येकाला किमान वाटू लागली. सगळे दहा हजार टनांच्याच मागे लागले. आणि त्या अंथरुणात आठ तोफा, बत्तीस नॉटचं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) यंत्र आणि भक्कम चिलखत या तिघांनाही पाय पसरता येणं शक्यच नव्हतं. कुणाला तरी आखडून झोपावं लागणार होतं.

कुणी कुणाला आखडायला लावलं यातच त्या त्या देशाचा समुद्र दिसतो. फ्रान्सने १९२८ मध्ये सेवेत आणलेल्या 'द्युकेन' आणि 'तूरव्हील'ला वेग दिला आणि चिलखत जवळजवळ सोडूनच दिलं. इटलीच्या 'त्रेन्तो'नेही वेगच धरला, पण कडेला चिलखताचा ७० मिलिमीटरचा पट्टा ठेवला. नंतर दोघांनाही आपली जहाजं फार नाजूक झाल्याचं जाणवलं आणि दोघेही जाड चिलखताकडे वळले. भूमध्य समुद्र लहान आहे, तळ जवळ आहेत, दोन-तीन दिवसांच्या मोहिमेपुरतं इंधन असलं की भागतं. त्यांचं हे वळणं बरोबरच होतं.

'झारा'बद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण तिच्या नावाने सर्वात जास्त वाद होतात. 'झारा', 'फ्यूमे', 'गोरित्सिया' आणि 'पोला' या चार बहिणी. कडेला १५० मिलिमीटरचा पट्टा. एवढा पट्टा त्या काळच्या युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही आठ इंची क्रूझरला नव्हता. पण तो करारात बसवून मिळालेला नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये 'गोरित्सिया'वर विमानाच्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि दुरुस्तीसाठी तिला जिब्राल्टरला न्यावं लागलं. जिब्राल्टर म्हणजे ब्रिटिशांचा तळ. जहाज गोदीत चढलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांना तिचं खरं वजन कळलं: मर्यादेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त. दहा हजारांत राहून बांधलेल्या जहाजाशी साडेअकरा हजारांच्या जहाजाची चिलखताच्या मिलिमीटरमध्ये तुलना करायची आणि वर त्यातून अभियंत्यांचं कौशल्य मोजायचं, हा ब्रिटिश अभियंत्यांवर सरळ अन्याय आहे.

आणि त्या चिलखतामागच्या तोफा? इटलीने टरेटमधल्या (तोफांच्या फिरत्या बुरुजातल्या) दोन्ही तोफा एकाच पाळण्यात, एकमेकींना अगदी खेटून बसवल्या. त्यामुळे टरेट हलकं आणि आटोपशीर झालं, पण एकदम सुटलेले दोन गोळे उडताना एकमेकांना त्रास देत. गोळे आणि दारू यांच्या वजनातली ढिलाई त्यात भर घालायची. पल्ला उत्तम, वेग उत्तम, पण गोळे फार पसरून पडायचे. तक्त्यात 'आठ तोफा' एवढंच लिहिलेलं असतं, पसारा लिहिलेला नसतो.

मग येते ग्रीसजवळच्या मातापानच्या लढाईची रात्र, २८ मार्च १९४१. 'फॉर्मिडेबल' या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून उडालेल्या विमानाचा पाणतीर संध्याकाळी 'पोला'ला लागला आणि ती अंधारात जागच्या जागी उभी राहिली. तिच्या मदतीला 'झारा' आणि 'फ्यूमे'ला विनाशिकांसह परत पाठवलं गेलं. इटालियन जहाजांवर रडार नव्हतं. रात्री मोठ्या तोफा चालवायची त्यांची पद्धतच नव्हती. ब्रिटिश बॅटलशिप 'वॉरस्पाइट', 'व्हॅलियंट' आणि 'बारहॅम' साडेतीन किलोमीटरच्या आसपास येऊन पोचल्या तोवर इटालियन तोफा सरळ पुढे-मागे तोंड करून स्वस्थ होत्या. इतक्या जवळून १५ इंची गोळे आल्यावर १५० मिलिमीटर काय आणि २५ मिलिमीटर काय! तिन्ही क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या, दोन हजार तीनशेहून जास्त माणसं गेली. माझा मुद्दा 'झारा' वाईट होती असा मुळीच नाही. जहाज चांगलंच होतं. पण ज्या गोष्टीने ती रात्र ठरवली, म्हणजे रडार आणि रात्रीच्या लढाईचा सराव, ती गोष्ट आपण तुलनेत मोजतच नाही.

'हिपर' वर्गाबद्दल माझा फारसा आदर नाही. कागदावर दहा हजार टन, प्रत्यक्षात चौदा हजारांच्या वर, आणि एवढं जादा वजन घेऊनही तोफा आठच, पट्टा ८० मिलिमीटरचाच. वजन गेलं कुठे? बराच भाग मोठ्या सांगाड्यात आणि यंत्रात. उच्च दाबाच्या वाफेचं ते यंत्र अतिशय नाजूक आणि इंधनाचं खादाड होतं. या वर्गातली 'प्रिन्स ऑइगेन' मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क' या जर्मन बॅटलशिपपासून वेगळी होऊन अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजं बुडवायला निघाली. टँकरमधून तेल घेतलं, पण यंत्राने साथ सोडली आणि १ जूनला ती ब्रेस्टला दाखल झाली, एकही व्यापारी जहाज न बुडवता. महासागरात शिकार करायला बांधलेल्या जहाजाची ही कथा. तिची बहीण 'ब्ल्यूखर' तर ९ एप्रिल १९४० ला, पहिल्याच मोहिमेत, ऑस्लोच्या खाडीत गेली. ऑस्कार्सबोर्ग या नॉर्वेच्या किल्ल्यावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या तोफा आणि जुने पाणतीर तिला पुरले.

'अल्जेरी'ला मात्र मनापासून सलाम. ११० मिलिमीटरचा पट्टा, ८० मिलिमीटरचं डेक, ३१ नॉटचा वेग, आणि हे सगळं करारातल्या वजनाशी बऱ्यापैकी प्रामाणिक राहून. निव्वळ जहाजाचा आराखडा समोर ठेवून निवड करायची तर मीही तिलाच निवडेन. पण २७ नोव्हेंबर १९४२ ला तूलाँच्या बंदरात फ्रेंचांनी स्वतःच्या हाताने तिला बुडवलं. जहाज इतकं चांगलं असून त्याला स्वतःला सिद्ध करायची संधीच मिळाली नाही, याची हळहळ वाटते.

आता काउंटी. 'केंट', 'लंडन' आणि 'नॉरफोक' हे तीन उपवर्ग, ऑस्ट्रेलियासाठी बांधलेली दोन धरून एकूण तेरा जहाजं. कडेला जेमतेम २५ मिलिमीटर, दारूच्या कोठारांभोवती मात्र शंभरावर मिलिमीटरची पेटी. वेग साडेएकतीस नॉट. पण पाण्यावरची उंची बघा आणि इंधनाच्या टाक्या बघा. करारातलं वजन मोजताना इंधन धरायचं नव्हतं, आणि ज्याचा व्यापार अर्ध्या जगात पसरला होता त्याला हा नियम मानवणारा होता. संथ वेगाने एका भरणीत दहा हजारांहून जास्त सागरी मैल जाणारं जहाज त्यांनी घडवलं. उंच कडांमुळे उत्तर अटलांटिकच्या लाटांतही तोफा कोरड्या राहायच्या, आणि आत खलाशांना राहायला जागा होती. महिनोन्महिने समुद्रात काढायचे तर खलाशाला नीट झोप मिळणं हीसुद्धा युद्धशक्तीच.

२३ मे १९४१ च्या संध्याकाळी ग्रीनलंड आणि आइसलँडमधल्या डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत काउंटी वर्गातल्या 'सफोक'ला 'बिस्मार्क' दिसली. 'सफोक' लगेच धुक्यात शिरली आणि तिथून रडारवर तिचा माग धरून राहिली, सोबत 'नॉरफोक'. पुढची सगळी शिकार त्या मागावर उभी राहिली. अशा वेळी पट्ट्याची जाडी कुणी विचारत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये त्याच 'नॉरफोक'च्या गोळ्याने 'शार्नहॉर्स्ट' या जर्मन बॅटलशिपचं पुढचं रडार उडालं आणि ध्रुवीय अंधारात ती जवळपास आंधळी झाली. 'कॉर्नवॉल'ने ८ मे १९४१ ला सेशेल्सजवळ 'पिंग्विन' या वेषांतर केलेल्या जर्मन जहाजाला गाठलं, 'डेव्हनशायर'ने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'अटलांटिस'ला. अफाट पाण्यात एकच जहाज शोधून काढणं, हेच त्यांचं नेमून दिलेलं काम होतं.

त्यांचं दुबळेपण मी लपवत नाही. ५ एप्रिल १९४२, ईस्टरचा रविवार. कोलंबोहून निघालेल्या 'कॉर्नवॉल' आणि 'डॉर्सेटशायर'वर श्रीलंकेच्या दक्षिणेला जपानी डाइव्ह बॉम्बर तुटून पडले. दोन्ही जहाजं काही मिनिटांत गेली. चारशे चोवीस जण मेले. अकराशेहून जास्त माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उन्हात, तेलाने माखलेल्या पाण्यात तरंगत राहिली, तेव्हा कुठे मदत पोचली. हे आपल्या हिंदी महासागरात घडलं आणि आपल्याकडे त्याची आठवण फार कमी निघते. पण एवढ्या अचूक बॉम्बखाली, विमानांचं छत्र नसताना, 'झारा' किंवा 'अल्जेरी' वाचली असती असं मला वाटत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. काउंटीच्या यशात जगभरच्या ब्रिटिश तळांचा मोठा वाटा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाता नदीच्या मुखाजवळची लढाई घ्या. १३ डिसेंबर १९३९ ला 'एक्झेटर' ही सहाच तोफांची लहान हेवी क्रूझर आणि 'एजॅक्स', 'अकिलीस' या दोन लाइट (सहा इंची तोफांच्या) क्रूझर 'ग्राफ श्पे' या मोठ्या तोफांच्या जर्मन युद्धनौकेला भिडल्या. 'एक्झेटर'ची चाळण झाली, तिन्ही टरेट बंद पडली, तरी ती फॉकलंडला पोचली, कारण फॉकलंड त्यांचं होतं. 'ग्राफ श्पे' लढाईत कमी मोडली होती, पण तिला जायला घरचं बंदर नव्हतं. १७ तारखेला माँतेव्हिदेओबाहेर तिच्याच कप्तानाने तिला बुडवलं. तेव्हा तुलना करायचीच तर जहाज आणि त्यामागचं बंदर अशी जोडीनेच करावी.

त्या लढाईतली 'अकिलीस' पुढे आपल्याकडे आली. १९४८ मध्ये ती भारतीय नौदलात 'दिल्ली' झाली, डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत दीवसमोर उभी राहिली आणि १९७८ मध्ये मुंबईत निवृत्त झाली. तिचं एक टरेट न्यूझीलंडला भेट दिलं गेलं. मुंबईत, कोकणात अशी बरीच घरं असतील जिथले आजोबा, काका 'दिल्ली'वर नोकरीला होते. त्यांनी सांगितलेलं काही आठवत असेल, इंजिनरूमचं, जेवणाचं, तोफांच्या सरावाचं, तर खाली जरूर लिहा. जुने फोटो असतील तर तेही टाका.