सार्वमताबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

‘गोव्यात 1967 साली सार्वमत झालं, म्हणजे घटनेत सार्वमताचा हक्क आहे, पुरेशा सह्या जमवल्या की सरकारला ते घ्यावंच लागतं’ असा मेसेज सध्या फिरतोय. पहिला भाग खरा आहे, पुढचा नाही.

16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल, म्हणजे लोकांनी थेट मत देऊन ठरवायचं सार्वमत, झाला. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती: ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, ‘दोन पानं’ म्हणजे केंद्रशासित राहणं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. (घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, तो दर्जा 1987 ला मिळाला.) पण या कौलासाठी संसदेला 1966 मध्ये खास कायदा करावा लागला होता, आणि तो फक्त गोवा, दमण व दीवपुरता होता. घटनेत हक्क असता तर त्याची गरजच नव्हती. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेचं अनुच्छेद 3 संसदेला देतं. तिथे विधानसभेचं मत मागवतात, मतदारांचं नाही.

घटनेत सार्वमताची तरतूद हवी असं वाटणं गैर नाही. माझंच मत अजून पक्कं होत नाही: हो-नाहीच्या प्रश्नात, प्रश्न कोण ठरवतो यावरच बरंच अवलंबून असतं. पण नसलेला हक्क आहे असं सांगून सह्या गोळा करू नयेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.