ललिताजी, गोल्ड हिल आणि घरच्या ग्रुपवरचं भांडण

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, एक व्हिडिओ टाकला. दूरदर्शनवरच्या जुन्या जाहिराती, एकापाठोपाठ एक, चांगली अकरा मिनिटं. खाली लिहिलं होतं, 'तेव्हा जाहिरातींतसुद्धा संस्कार होते. आता नुसता नंगानाच.' अर्ध्या तासात त्याच्याच मुलाचं उत्तर आलं. 'बाबा, यात बाई एकतर कपडे धुतेय नाहीतर गोरी होतेय. कसले संस्कार?' मग दोन्ही बाजूंनी माणसं जमली आणि दिवाळीच्या आमंत्रणाचा मेसेज त्या गदारोळात कुठल्या कुठे वर निघून गेला.

मी मधे पडलो नव्हतो. व्हिडिओला फक्त एक बदाम दिला होता. तेवढ्यावरून पुतण्या मला म्हणाला, 'काका, तुम्ही तिकडे बसून बघताय. तुम्हाला सगळं गोडच वाटणार.'

महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. इथे इंग्लंडात बुधवारी रात्री कचऱ्याचे डबे बाहेर लावताना, एम-फाइव्ह हमरस्त्यावर अडकलेलो असताना, मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देतोय. त्यातली काही इथे लिहितो, कारण ग्रुपवर लिहिली तर दिवाळी आणखी वर जाईल.

आधी दादाचं बघू. दादा, त्याच व्हिडिओत चौथी जाहिरात लिरिलची आहे. धबधब्याखाली हिरव्या बिकिनीत मनसोक्त भिजणारी मुलगी. ती जाहिरात १९७५ ची. तू तेव्हा कॉलेजात होतास आणि ती मोठ्या पडद्यावर बघायला तू न्यूजरील सुरू व्हायच्या आधी थेटरात जाऊन बसायचास, हे तूच मला पुढे सांगितलंयस. १९९५ साली एका बुटाच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे अंगावर बूट आणि अजगर एवढंच घेऊन उभे राहिले, तेव्हा केवढा गहजब झाला होता. सोमण आणि सप्रे, दोघंही आपलेच. खटला चौदा वर्षं चालला आणि शेवटी ते सुटले. तुझा तो निर्मळ काळ नेमका कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत होता, ते एकदा सांग.

आणि बिनाका गीतमाला? २०२४ च्या फेब्रुवारीत तिचे निवेदक अमीन सायानी गेले तेव्हा तू ग्रुपवर तीन दिवस हळहळत होतास. मीही होतो. पण ती गीतमाला १९५२ साली रेडिओ सिलोनवरून का सुरू झाली, हे आठव. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांना सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीला लागलेली कीड वाटायची, म्हणून आकाशवाणीवर त्या गाण्यांची गळचेपी झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं, तेही एका टूथपेस्टच्या पैशांवर चालणारा कार्यक्रम ऐकायला. सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली, आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरला त्याच विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. आज आपण ज्याला संस्कार म्हणून कवटाळतोय, तो तेव्हाच्या मोठ्यांच्या लेखी संस्कृतीचा ऱ्हास होता. आजोबा 'बंद कर ते सिलोन' म्हणून ओरडायचे, आठवतं ना?

आता पुतण्याकडे वळतो. त्याचं निम्मं खरं आहे आणि ते निम्मं मला त्याच्याहून जास्त माहीत आहे. माझी ताई सावळी. गोरं करणाऱ्या एका क्रीमची जाहिरात लागली की आमच्याकडे आलेली कुठलीतरी पाहुणी हटकून तिच्याकडे बघायची. एका चैत्रात हळदीकुंकवाला एकीनं ती ट्यूबच आणून दिली, ओटी भरावी तशी. ताईनं ती वर्षभर कपाटात ठेवली आणि मग सायकलच्या चेनला लावली. हे मला कुणी सांगायला नको.

पण 'बाई कपडे धुतेय' एवढं म्हणून सर्फ पावडरच्या जाहिरातीतल्या ललिताजीला मोडीत काढू नकोस, राजा. निरमा आली, सर्फच्या कितीतरी पट स्वस्त, आणि तिनं बाजार खाल्ला. त्याला उत्तर म्हणून जाहिरातकार अलेक पदमसींनी ही ललिताजी उभी केली. निळ्या काठाची साडी, भाजीवाल्याशी हुज्जत, कॅमेऱ्यात रोखून बघत बोलणारी. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यातला फरक ती नवऱ्याला विचारून सांगत नव्हती. तिला साकारणाऱ्या कविता चौधरींनी १९८९ मध्ये 'उडान' ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकारी झाल्या. सख्ख्या बहिणीची, एका आयपीएस अधिकाऱ्याची ती गोष्ट. माझ्या वर्गातल्या मुली कॉलेजात त्याबद्दलच बोलायच्या. धुणं आणि वर्दी, दोन्ही एकाच बाईनं, एकाच पडद्यावर, पाचसात वर्षांच्या अंतरानं दाखवलं.

आणि आमच्या घरात ललिताजीशी वाद व्हायचा. डोंबिवलीची चाळ, दोन खोल्यांमधे लाकडी पार्टिशन. पलीकडे काकूंचा टीव्ही, अलीकडे आई स्टोव्हपाशी. 'सर्फ की खरीदारी में ही समझदारी है' असं पलीकडून आलं की आई भाकरी थापता थापता पार्टिशनला उत्तर द्यायची, 'तुझं खरंय गं बाई. पण तुझ्याकडे पगार महिनाभर पुरत असेल.' आमच्याकडे ५०१ साबणाची वडी यायची, तारेनं कापून चार तुकडे करायचे आणि एक तुकडा आठवडाभर पुरवायचा. निरमा आली तेव्हा आईनं ती पिवळी पुडी देवासमोर नाही ठेवली एवढंच. जाहिरातीत जे दिसायचं ते आमचं आयुष्य नव्हतं. आमच्याकडे नव्हतं ते तिथे दिसायचं. दादा त्याला तो काळ म्हणतो, पुतण्या त्याला त्या काळाचा पुरावा म्हणतो. आईला मात्र ती जाहिरात आहे हे पक्कं माहीत होतं.

इथे या बाबतीत लोक समजूतदार आहेत, असं मला वाटत आलंय. २०१९ च्या जूनपासून इथे नियम आहे, स्त्री-पुरुषांच्या ठरीव साच्यांनी अपाय होईल असं काही जाहिरातीत दाखवायचं नाही. दोनच महिन्यांत दोन मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती उतरवल्यासुद्धा. आणि त्याच वर्षी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारानं १९७३ ची होविस पावाची जाहिरात स्वच्छ करून, डागडुजी करून पुन्हा झळाळती केली. एकीकडे नियम, एकीकडे जतन. कुणी कुणाला संस्कृतीचा मारेकरी म्हणालं नाही. (आमच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, पण त्यांचं मी धरत नाही. ते दादासारखेच आहेत.)

ती होविसची जाहिरात मी इथे आल्यावर पंधराएक वर्षांनी पहिल्यांदा नीट बघितली. एक मुलगा पावांची टोपली लावलेली सायकल ढकलत चढण चढतो, म्हाताऱ्याचा आवाज लहानपण आठवतो, मागे बँडवर संथ सूर. रिडली स्कॉटनं केलेली. ऑफिसात निम्म्या लोकांना ती उत्तरेकडची, गिरण्यांच्या गावातली वाटते. ती आहे दक्षिणेकडच्या डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरीची, आमच्याकडून जेमतेम दीड तास. गेल्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही गेलो. गोल्ड हिल म्हणजे दगडगोट्यांचा एक उभा उतार, एका अंगाला गवती छपरांची घरं पायऱ्यांसारखी उतरत गेलेली, दुसऱ्या अंगाला जुन्या मठाची भिंत. वर टोकाशी पावाची मोठी थोरली प्रतिकृती ठेवलीय. लोक तिच्याशी फोटो काढत होते.

माझ्याशेजारी सत्तरीतलं एक जोडपं उभं होतं. बाई ते सूर गुणगुणायला लागली. त्यानं तिचा हात धरला. मीही गुणगुणायला लागलो, नकळत, कारण ऑफिसात कुणी सँडविच काढलं की कुणीतरी ते सूर काढतंच. बाईंनी हसून विचारलं, 'तुमच्या लहानपणीची ना?' मी 'हो' म्हटलं.

का म्हटलं, कोण जाणे. १९७३ मध्ये मी तीन वर्षांचा होतो आणि आमच्या चाळीत टीव्ही यायला अजून चार वर्षं होती.

परतताना गाडीत त्या सुरांचा विचार करत होतो. ते इंग्रजांचे नाहीतच. ते द्वोर्झाकच्या सिंफनीतले आहेत. चेक माणूस, १८९३ मध्ये घरापासून लांब न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेले, आणि त्या सिंफनीचं नावच 'नव्या जगातून'. परदेशात लिहिलेली ती धून ऐकून इंग्रज माणसाला आपल्या आजोळचा पाव आठवतो. यानं मला का बरं वाटावं, ते मला नीट सांगता येणार नाही, पण वाटलं. मी ती रेडिओवर लावली आणि मुलीनं सांगितलं, 'बाबा, परत नको.'

पण ऑफिसात दुसरीही एक गोष्ट घडते. स्मॅश नावाच्या झटपट बटाट्याच्या जाहिरातीतले मंगळावरचे पत्र्याचे प्राणी कसे हसायचे, याची कुणीतरी नक्कल करतं आणि सगळे फुटतात. मीही हसतो, पण आधी बाकीच्यांचे चेहरे बघून. सत्तावीस वर्षं झाली. नोकरी इथली, मुलं इथली, बीबीसीची लायसन्स फी दरमहा खात्यातून जाते. ते हसणं मात्र अजून उशिरानंच येतं.

आणि तिकडे गेलं तरी तेच. पुतण्या आणि त्याचे मित्र बोलता बोलता कुठल्याशा जाहिरातीतलं वाक्य टाकतात आणि टाळ्या देतात. मुलाच्या मागे मागे जाणारा तो पग, ते पांढरे झूझू. मी १९९८ ला निघालो. पग २००३ चा, झूझू २००९ चे. मी ते नंतर यूट्यूबवर बघून घेतलेत, परीक्षेला बसल्यासारखे. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ ला सुरू झाल्या. तिथपासून मी विमानात बसेपर्यंत बावीस वर्षं. तेवढ्याच पट्ट्यात मला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. इथल्या इंडियन दुकानात विको टर्मरिकची ट्यूब दिसली की मी घेतो. लावत नाही. पण घेतो. त्या दुकानात उभा असताना तोंडातून 'नहीं कॉस्मेटिक' निघतं आणि गल्ल्यावरचा गुजराती म्हातारा पुढची ओळ म्हणतो.

तर पुतण्याला मला हे सांगायचं होतं, की मला सगळं गोड वाटत नाही, मला तेवढंच येतं. दादा तिथे आहे, त्याच्याजवळ कालचंही आहे आणि आजचंही आहे, तरी तो कालचं उगारून आजच्याला मारतो, याचा मला राग येतो. आणि पुतण्या ते कालचं कचऱ्यात टाकायला निघतो तेव्हा त्याहून जास्त राग येतो, कारण माझ्याकडे दुसरं काही नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर रविवारी ताईला फोन केला. तिला वाचून दाखवलं. एक गोष्ट मला त्या व्हिडिओपासून खटकत होती, तीही विचारली. त्यातली गाणी मला अक्षर न् अक्षर पाठ होती, पण चित्रं जवळजवळ एकही ओळखीचं वाटलं नाही. निरमाची मुलगी फ्रॉक गरगर फिरवते, हे मी जणू पहिल्यांदाच बघत होतो. म्हटलं, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता म्हणून असेल.

'कसलं ब्लॅक अँड व्हाइट,' ताई म्हणाली. 'तुला जाहिराती दिसल्याच कुठे? रविवारी सिनेमाच्या आधी जाहिराती लागायच्या तेव्हा काकूंकडची जेवणं चालू असायची. दार लावलेलं असायचं. आपण सगळी पोरं बाहेर गॅलरीत, कठड्यापाशी. सिनेमा सुरू झाला की काकू कडी काढायच्या.'

'मग रामायण लागलं तेव्हा आपला टीव्ही आला ना?'

'तेव्हा तू दहावी-बारावीच्या क्लासला,' ती म्हणाली. 'गॅलरीत मात्र तूच सगळ्यात मोठ्यानं म्हणायचास. आतून काकू ओरडायच्या, अरे हळू, टीव्ही ऐकू येत नाही.'