दुकान आधी कळलं, मुलाचं नाव नंतर

नारळी पौर्णिमेचा रविवार होता, १० ऑगस्ट २०१४. आम्ही अमेरिकेत सेंट लुईसच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. त्या दिवशी चार घरं आमच्याकडे जेवायला होती. नारळीभात झाला, राख्या झाल्या, आणि रात्री भांडी आवरताना कुणीतरी टीव्ही लावला. शहराच्या उत्तरेला फर्ग्युसन नावाचं गाव आहे, तिथलं क्विकट्रिप जळत होतं. पेट्रोलपंपाला जोडून दुकान असतं ना, ते. आम्ही सगळे उभ्याउभ्या बघत राहिलो. "बापरे, विमानतळापासून किती जवळ आहे," एवढंच बोलणं झालं.

आदल्या दिवशी दुपारी त्याच गावात, कॅनफिल्ड ड्राइव्हवर, मायकल ब्राऊन नावाचा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळ्यांनी गेला होता. त्याचं प्रेत ऑगस्टच्या उन्हात, आजूबाजूच्या घरांतल्या पोराबाळांसमोर, सुमारे चार तास रस्त्यात पडून होतं. हे मला सोमवारी कळलं. दुकान आधी कळलं.

हे सगळं आज लिहितेय कारण गेल्या आठवड्यात शेवटी 'हूज स्ट्रीट्स?' पाहिला. २०१७चा माहितीपट. नाव मोर्च्यातल्या घोषणेवरून: रस्ते कोणाचे? आमचे! दिग्दर्शक दोघं, सबाह फोलायन आणि डेमन डेव्हिस. डेव्हिस इथलाच कलाकार. वेस्ट फ्लोरिसंट रस्त्यावरच्या दुकानांनी काचा फुटू नयेत म्हणून फळ्या ठोकल्या होत्या, त्या फळ्यांवर त्याने वर केलेल्या हातांचे मोठमोठे फोटो चिकटवले होते. आमच्या ओळखीतले कितीतरी जण तेव्हा रोज त्याच रस्त्याने कामावर जायचे, कारण एमर्सन कंपनीचं मुख्यालय तिथेच होतं. रस्ता सगळ्यांना पाठ होता, पण तिथे कोण राहतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

माहितीपटात बरंचसं चित्रण लोकांच्या फोनवरचं आहे. हलतं, अंधारलेलं, मध्येच कुणाच्या तरी कोपराने झाकलेलं. टीव्हीवर आम्ही पाहिलं ते हेलिकॉप्टरमधून: वरून सगळे मुंग्या, आणि धूर. इथे कॅमेरा ओट्यावर उभा आहे. बाई आपल्याच अंगणात उभी राहून पोलिसांना सांगतेय की हे माझं घर आहे, आणि समोरून अश्रुधूर येतो. मोर्च्याला जायच्या आधी लेकीचं आवरून देणारी आई आहे. आंदोलन म्हणजे नव्वद टक्के वाट बघणं, भांडणं, कंटाळा आणि पाय दुखणं; बातम्यांत ते कधी येत नाही.

"एकतर्फी आहे," असं माझा नवरा म्हणाला. आहेच. एक गोष्ट मलाही खटकली. ४ मार्च २०१५ला अमेरिकेच्या न्याय खात्याचे दोन अहवाल आले. एकात गोळी झाडणाऱ्या पोलिसावर, डॅरेन विल्सनवर, खटला भरण्याइतका पुरावा नाही, आणि ब्राऊनने शरण जायला हात वर केले होते ही साक्ष विश्वासार्ह ठरत नाही, असं होतं. त्याआधी नोव्हेंबरात ग्रँड ज्युरीनेही, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, विल्सनवर आरोप ठेवले नव्हतेच. माहितीपट त्या अहवालापाशी थांबत नाही. थांबायला हवा होता. त्याने बाजू लंगडी झाली नसती.

कारण दुसरा अहवाल वाचा, फर्ग्युसनच्या पोलिसांवरचा. फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ९३ टक्के. 'रस्त्यात नीट न चालणे' हा तिथे गुन्हा होता, आणि त्याखाली धरलेल्यांत ९५ टक्के कृष्णवर्णीय. ब्राऊनला पोलिसाने हटकलं तेही रस्त्याच्या मधून चालला होता म्हणून! गावाच्या तिजोरीत दंडाचा मोठा वाटा असायचा. एका बाईने २००७ साली एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. १५१ डॉलर दंड. तिने हप्त्याहप्त्याने ५५० डॉलर भरले, सहा दिवस कोठडीत काढले, तरी सात वर्षांनी तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकीच! आपल्याकडच्या सावकाराची आठवण येते. फरक एवढाच की इथे सावकारी नगरपालिकेची. एवढं वाचल्यावर "पण दुकान का जाळलं" हा प्रश्न मिटत नाही, पण तो पहिला प्रश्न राहत नाही.

आता खरं सांगायचं ते. ११ जुलै १९९७ला मी मुलुंडला होते, कॉलेजात. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक हायवेवर उतरले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. आमच्या घरात काय पोचलं? टँकर. गॅसचा टँकर पेटवणार होते म्हणे, म्हणून गोळीबार करावा लागला. मी ते पुढे कॉलेजात चार जणांना सांगितलंही, अगदी जाणकाराच्या थाटात. नंतर चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, २००९ साली आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेपही झाली. माझ्या चार जणांना मी पुन्हा जाऊन काही सांगितलं नाही. त्या दहांतलं एकही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणजे दोनदा तेच. घाटकोपर घरापासून चार स्टेशनांवर, फर्ग्युसन अर्ध्या तासावर, आणि दोन्ही वेळा माझ्यापर्यंत आधी वस्तू पोचली. त्या गल्लीतल्या माणसाच्या हातात कॅमेरा असणं मला म्हणूनच 'पक्षपात' वाटत नाही. दुसऱ्या बाजूकडे हेलिकॉप्टर होतं की.

मी इथल्या आमच्या मंडळात सुचवलं की दर महिन्याच्या सिनेमात एकदा हा दाखवू. उत्तर आलं, "राजकीय नको, सहकुटुंब बघता येईल असं काहीतरी सांगा." शिवाय, आपण इथे पाहुणे. पाहुणे? आपल्याला या देशाचं दार उघडणारा १९६५चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला. पाहुण्याने निदान यजमानाच्या घरातलं सुतक तरी ओळखावं.

असो. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या बेसमेंटमध्ये लावतेय. खुर्च्या बाराच आहेत, सतरंज्या भरपूर. बटाटेवडे मी करते, चटणी कुणीतरी आणा. मुलांना आणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझी दोघं बसणार आहेत. पत्ता हवा असेल तर मेसेज करा.