हा कुठला किल्ला?

दिवाळी आली की दरवर्षी तेच! बाजारात तयार किल्ल्यांची रांग, प्लास्टर ऑफ पॅरिसचे, सगळे एकाच साच्यातले. चार बुरूज, दरवाजा, वर झेंडा. "दादा, हा कुठला किल्ला?" विचारलं तर म्हणे, "तुम्ही म्हणाल तो!"

असं कसं चालेल? राजगडाला तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, आणि मधोमध बालेकिल्ला. संजीवनीची दुहेरी तटबंदी विटा-मातीत उभी करताना घाम फुटतो, पण पोरांना तो गड जन्मभर लक्षात राहतो.

आणि मावळे! यंदाचे तर दरवाजापेक्षा उंच. आत शिरणार कसे? माझ्याकडे आजोबांच्या वेळचे अकरा मातीचे मावळे आहेत, माळ्यावर खोक्यात, कापसात गुंडाळलेले. एकाची तलवार मोडली, तिथे टाचणी खोचलीय. एकेकाचा चेहरा वेगळा, मिशासुद्धा!

परवा किल्ल्यावर अळीव पेरत होते, तर शेजारचा पोरगा म्हणाला, "काकू, रोज पाणी कशाला शिंपडता? हिरवा स्प्रे मिळतो की!"

अरे, कोंब वर आलेला बघायचा असतो रे!