पाय दुसऱ्याचा

आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये शेगडीच्या वर हुकाला एक पितळी डाव टांगलेला असतो. आईने साताऱ्याहून पाठवलेला. गाडीने गिअर बदलला की डाव पुढे झुकतो, मागे येतो आणि कपाटाच्या दाराला टण्णकन लागतो. ऑटोमॅटिक गाडीत असं कशाला होईल, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे.

पंधरा दिवसांत दोन मित्रांचे फोन आले. दोघंही इथेच, इंग्लंडात. दोघांना सेकंडहँड कॅम्पर घ्यायची आहे आणि दोघांनी एकच वाक्य सांगितलं, "ऑटोमॅटिक आहे रे, काही टेन्शन नाही." मी विचारलं, कुठली ऑटोमॅटिक? दोघंही गप्प. चार वर्षांपूर्वी मलाही उत्तर देता आलं नसतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आम्ही लीड्सला राहतो. व्हॅन घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती. सगळं सामान, पाणी, माणसं धरून साडेतीन टन, म्हणजे इथल्या साध्या लायसन्सवर चालते त्यातली शेवटची. ऑटोमॅटिकच हवी होती, त्याला कारण होतं. भारतातल्या लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते, नंतर इथली परीक्षा द्यावी लागते. मी ती गिअरच्या गाडीवर दिली. बायकोने ऑटोमॅटिकवर दिली, कारण मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि लायसन्स लवकर हातात हवं होतं. ऑटोमॅटिकवर पास झालं की लायसन्सवर ७८ हा आकडा छापून येतो, मग क्लच पेडलची गाडी चालवता येत नाही. लांबच्या प्रवासात दोघांनी आळीपाळीने चालवायची हे आमचं ठरलेलं. त्यामुळे जाहिरातीत "ऑटोमॅटिक" दिसलं आणि पुढचं काही विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

पहिल्याच आठवड्यात राउंडअबाउटवर कळलं. इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि जागा मिळाली की लगेच शिरायचं. जागा दिसली, पाय दाबला, आणि गाडी जागच्या जागी. एक क्षण, दीड क्षण. मग हिसका देऊन सुटली, तोवर उजवीकडची गाडी पार जवळ आलेली. पहिल्यातून दुसऱ्यात जातानाही तेच. जोर एकदम तुटायचा, सगळ्यांच्या माना पुढे, डाव टण्ण, मग पुन्हा जोर. मुलगी मागच्या सीटवर हिरवी-पिवळी व्हायची.

जिथून घेतली तिथे मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी आवारातच एक चक्कर मारली आणि सांगितलं, "या सगळ्या अशाच असतात." मी तो शब्द मानला. इथे दुकानदाराकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ती सरळ परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क २०१५ च्या ग्राहक कायद्याने दिलेला आहे, पण त्याची मुदत ३० दिवसांची. आमचे ते ३० दिवस "सगळ्या अशाच असतात" हे ऐकण्यात गेले. याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑगस्टमध्ये आम्ही थर्स्कहून हेल्म्सलीकडे निघालो. मधे सटन बँक लागतो. नॉर्थ यॉर्कशायरमधला ए१७० रस्ता तिथे एका कड्यावर चढतो, चार फुटाला एक फूट चढ आणि मधे कोपरासारखं वळण. मागे कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांना तिथे बंदीच आहे, आमच्यासारख्या एकसंध गाडीला नाही. बायको चालवत होती. वळणाच्या तोंडावर पुढे एक ट्रक अडकलेला, सगळी रांग थांबली. रांग हलली तेव्हा तिने ब्रेकवरून पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. चढावर ब्रेक धरून ठेवायची सोय गाडीत आहे, पण ती दोनेक सेकंदच धरते. गाडी विचार करत राहिली, ती दोन सेकंदं संपली आणि आम्ही मागे सरकलो. फूटभर असेल. मागच्या गाडीने केवढ्याने हॉर्न वाजवला. हिने हँडब्रेक ओढला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी गाडी थरथरत, गुरगुरत वर निघाली आणि आत जळक्या क्लचचा वास भरला. ज्यांनी तो वास घाटात घेतलाय त्यांना सांगायला नको.

वर पोचल्यावर तिने चावी माझ्या हातात दिली. पुढचे नऊ महिने तिने त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. "मला मोठी गाडी जमत नाही," एवढंच म्हणायची. अडखळणारा गिअरबॉक्स वेळ खातो, डिझेल खातो, ते परवडतं. चालवणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास खातो, ते परवडत नाही. दोष लोखंडात होता आणि तो माझ्या बायकोने स्वतःच्या नावावर लावून घेतला. मीही तिला "तू जरा जास्त रेस द्यायला हवी होतीस" असं म्हणालो होतो. ते चुकलंच माझं.

पुढच्या मे महिन्यात आण्णा आले. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. त्यातली कितीतरी वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात गेली. त्यांना घेऊन व्हिटबीला गेलो. ते पुढे बसले नाहीत. मागे टेबलापाशी, डावासमोर बसले. तासभर काही बोलले नाहीत. उतरल्यावर म्हणाले,

"ही ऑटोमॅटिक कुठली? ही आपलीच गिअरची गाडी. क्लचवर पाय तेवढा दुसऱ्याचा आहे."

मॅन्युअल न वाचता, बॉनेट न उघडता या माणसाने अचूक सांगितलं होतं. आमच्या गाडीत आहे तो साधा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. एकच कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला माणसाऐवजी एक छोटा हायड्रॉलिक पंप, काही व्हॉल्व्ह आणि एक कॉम्प्युटर. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून जी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) घरोघरी पोचली, त्याच जातीची ही यंत्रणा, फक्त साडेतीन टनांच्या धुडाखाली. कंपन्या तिला रोबोटाइज्ड म्हणतात. गिअर बदलताना क्लच सुटणार, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचणं थांबणार. मधली ती पोकळी म्हणजे डावाची टण्ण.

खरी ऑटोमॅटिक म्हणून आपल्या डोक्यात जी असते ती टॉर्क कन्व्हर्टरची. तिच्यात क्लचच्या जागी तेल असतं, तेलातूनच जोर पुढे जातो, म्हणून ब्रेक सोडला की गाडी अलगद सरकायला लागते. तिसरी ड्युअल क्लचची, एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा, पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला. तिन्हींना विकणारे एकच शब्द वापरतात. माझं स्पष्ट मत आहे की जाहिरातीत नुसतं "ऑटोमॅटिक" लिहिणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. म्हैस आणि गाय दोन्ही दूध देतात म्हणून बाजारात "दुभतं जनावर" एवढंच सांगून कोणी विकत नाही.

मी आण्णांना म्हटलं, "सगळ्या अशाच असतात म्हणे."

"गिअर बदलताना थांबते, तो तिचा स्वभाव," आण्णा म्हणाले. "आम्ही जुन्या गाड्यांना डबल क्लच मारायचो, तेव्हा मधे श्वासभर थांबायलाच लागायचं. घाई केली की गिअर खरडायचा. पण ही जागेवरनं सुटताना थरथरते. आणि तो पंप ऐकलास का? उभी असताना सारखा चालू होतोय. हा स्वभाव नाही. हे दुखणं आहे."

पंप. ड्रायव्हरचं दार उघडलं की डॅशबोर्डच्या पलीकडे घुर्रर्र असा आवाज येतो, तो पंप दाब तयार करत असतो. मी तो आवाज वर्षभर ऐकत होतो. दार उघडल्यावर एकदा यायला हवा, आमचा दर मिनिटाला येत होता, हे माझ्या कानाला कधी खटकलंच नाही. आण्णांना एका दिवसात खटकलं.

मग मी फक्त गिअरबॉक्सचं काम करणारा एक माणूस शोधला, दोन तासांच्या अंतरावर. त्याने कॉम्प्युटर जोडला, गाडीखाली शिरला आणि तीन गोष्टी सांगितल्या. हायड्रॉलिक तेल कमी होतं. दाब साठवून ठेवणारा जो छोटा गोळा असतो तो निकामी झाला होता, म्हणून पंपाला पुन्हा पुन्हा धावावं लागत होतं. आणि क्लच झिजत गेला तशी तो पकड घ्यायला लागतो ती जागा बदलली होती, पण कॉम्प्युटरला ती नवी जागा कोणी शिकवलीच नव्हती. आपण चालवताना हे काम पाय आपोआप करतो. क्लच वर पकडायला लागला की आठवडाभरात पायाला कळतं. मशीनला सांगावं लागतं. तेल बदललं, गोळा बदलला, पकडीची जागा नव्याने शिकवली. एका दिवसाचं काम. थरथर गेली. राउंडअबाउटवरचा दीड क्षण अर्ध्यावर आला. नऊ महिन्यांपूर्वी कोणी एवढं केलं असतं तर सटन बँकचा तो दिवस आमच्यावर आला नसता.

उरलेला अर्धा क्षण मात्र कायमचा. त्याच्याशी जमवून घ्यायला आण्णांनी आम्हाला शिकवलं, मुख्यतः हिला. हिने क्लच कधी वापरलेलाच नाही, त्यामुळे आधी त्यांनी टेबलावर दोन ताटल्या घेतल्या. एक फिरवत ठेवली, दुसरी हळूहळू तिला टेकवली. "बघ पोरी, अशी घासत घासत पकडते. घासणं जेवढं लांबेल तेवढी जळते." मग गाडीत. इंजिनाचा आवाज चढत गेला की आता ती बदलणार हे कळतं, त्या वेळी पाय किंचित सैल सोडायचा, बदलून झालं की परत दाबायचा. डाव वाजला तर पाय चुकला. चढ दिसला की चढ लागायच्या आधीच लिव्हर मॅन्युअलला घेऊन खालचा गिअर द्यायचा. "ती मागेल तेव्हा उशीर झालेला असतो, आपण आधी द्यायचा." चढावर सुटायचं असेल तर त्या दोन सेकंदांच्या भरवशावर राहायचं नाही. हँडब्रेक ओढलेला, पाय हलका दाबायचा, गाडीचं नाक जरासं उचललं की क्लचने पकडलं, मगच हँडब्रेक सोडायचा. आणि रांगेत उभं असताना अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, कधीही नाही.

सगळ्यात नाजूक काम कॅम्पसाइटवर. रात्री गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली प्लास्टिकच्या पाचरी घालतो, त्यांवर चढवताना क्लच सगळ्यात जास्त घासतो. आता आम्ही तिथे घाई करत नाही. दोन प्रयत्नांत चढली नाही तर दहा मिनिटं थांबतो, क्लच थंड होऊ देतो, किंवा सरळ दुसरी जागा बघतो. एक रात्र थोडं तिरकं झोपलेलं चालतं.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आधी लिव्हर बघा. त्यावर पार्किंगचा पी नसेल तर बहुतेक ती आमच्याच जातीची. सपाटीवर ब्रेक सोडा, अलगद सरकते का बघा. दार उघडा आणि पंप किती वेळा चालू होतो ते मोजा. थंड गाडीवर एकदा आणि अर्धा तास चालवून एकदा, दोन्ही वेळा चढावर थांबवून सोडा. आवारातल्या चकरेवर समाधान मानू नका. क्लचची पकड शेवटची कधी शिकवली त्याचा कागद मागा. आणि "सगळ्या अशाच असतात" हे वाक्य कानावर आलं तर लेखी द्या म्हणा. आमच्यासारख्या गाड्या वाईट नाहीत. साध्या आहेत, हलक्या आहेत आणि लांबच्या सरळ रस्त्यावर तर फार गुणी. पण त्या कुठल्या जातीच्या आहेत ते सांगून विकायला हव्यात, लपवून नाही.

आण्णा परत जायच्या आदल्या रविवारी हिनेच विषय काढला. थर्स्क मागे पडलं, समोर कडा दिसायला लागला. आण्णा तिच्या शेजारी, मी मागे डावासमोर. चढाच्या खूप आधी तिने लिव्हर डावीकडे ढकलली, दुसरा गिअर दिला. वळणाच्या अलीकडे पुढची गाडी थांबली. कुणी काही बोललं नाही. हँडब्रेक. हलका पाय. नाक उचललं. मग गाडी सुटली ती सरळ वरच. डाव हुकावर नुसता डुलत होता.

वर नॅशनल पार्कच्या केंद्रापाशी तिने गाडी लावली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. आण्णा उतरले, पुढच्या चाकापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि नाकाने दोनदा वास घेतला.

"वास नाही," ते म्हणाले. "चहा टाका आता."