ग्रीन कार्डवाला जावई करताना घ्यायची काळजी

तर मुलगी लग्नाची आहे, नाव सगळ्या मंडळांत नोंदवून झालंय, कोथरूड ते हडपसर अशी कांदेपोह्यांची एक फेरी पूर्ण झालीये आणि आता एक स्थळ आलंय, मुलगा न्यू जर्सीला, स्वतःचं घर, निर्व्यसनी, आणि माहितीपत्रकात शेवटी ठळक अक्षरात, ग्रीन कार्ड होल्डर. काकूंनी लगेच देवापुढे साखर ठेवली असणार. ठेवली असेल तर उचला आणि डब्यात परत टाका. आधी मुलाला फोन करून एवढंच विचारा की बाबा रे, कार्ड हातात आलंय की अजून यायचंय? यायचं असेल तर उत्तम स्थळ, या रविवारीच बैठक घ्या. आलं असेल तर मुलगी तुमच्याच घरी राहणार आहे, तिच्या खोलीतली गादी बदलून घ्या.

गंमत नाही करत. नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळणाऱ्याचं लग्न कार्ड मिळायच्या आधी झालेलं असलं की बायको त्याच्याच नंबरावर जाते, बरोबर जा नाहीतर मागून जा. तेच लग्न कार्ड मिळाल्यानंतर झालं, भले दुसऱ्या दिवशी सकाळी का असेना, की ती एफ-टू-ए नावाच्या कॅटेगरीत पडते आणि तिचा नंबर पहिल्यापासून लागतो. त्यामुळे गुरुजींना मुहूर्त विचारायच्या भानगडीत पडू नका. रोहिणी असो नाहीतर मृग, मुहूर्त मुलाच्या वकिलाने काढायचा. वकील म्हणाला या गुरुवारी, तर गुरुवारी, कार्यालय मिळत नसेल तर रजिस्टर करा, मामा दुबईहून पोचत नसेल तर नको येऊ दे, मुलीला अंतरपाटापर्यंत दुसरं कोणी पण आणेल.

मी तर म्हणते ग्रीन कार्डवाला बघूच नका. एच-वनवाला बघा, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेला. तो तिकडे टेम्पररी माणूस, सरकारदरबारी पाहुणा, म्हणून त्याच्या बायकोला एच-फोर हा सोबत जायचा व्हिसा मिळतो, लग्नाचा अल्बम छापून यायच्या आत ती तिकडे पोचू शकते (तिकडे गेल्यावर नोकरी करता येईल का हा वेगळा विषय, ती परवानगी २०१५ पासून काही जणींना मिळायला लागली आणि तेव्हापासून ती काढून घ्यायच्या गप्पा चालूच आहेत). साधा स्टुडंट, ज्याच्या नावावर फक्त एज्युकेशन लोन आहे, त्याची बायकोसुद्धा एफ-टू घेऊन जाऊ शकते. आणि दुसऱ्या टोकाला सिटिझन, त्याच्या बायकोला कोटाच नाही. मधे जो उरला, ज्याला सरकारने स्वतः लिहून दिलंय की तू इथे कायमचा राहा, त्याची बायको तेवढी कोट्यात. कायमचा राहा म्हणजे एकटा राहा हे त्या कार्डावर बारीक अक्षरात छापायचं राहून गेलंय.

कोटा ठरला १९९० च्या कायद्याने. जगातल्या यच्चयावत ग्रीन कार्डवाल्यांच्या बायका, नवरे आणि एकवीसच्या आतली बिनलग्नाची मुलं मिळून वर्षाला साधारण ८८ हजार. आता आपल्याच आकुर्डीच्या चेतकसाठी ज्या पिढीने वर्षानुवर्षं वाट बघितली तिला यात नवीन काही वाटणार नाही, फक्त एक फरक आहे, स्कूटरचा नंबर पुढे सरकायचा. इथे दर महिन्याला व्हिसा बुलेटिन म्हणून एक कागद निघतो, त्यात ज्या तारखेपर्यंत अर्ज आलेत त्यांचाच विचार होणार ती तारीख असते, आणि ती मागेही जाते. पंचांगात सुद्धा तिथीचा क्षय होतो, पण गेलेली अडीच वर्षं परत आली असं कधी झालं नाही, इथे होतं. जुलै २०१९ मध्ये ही बायकांची एफ-टू-ए कॅटेगरी करंट झाली, म्हणजे वेटिंग नाही, या. लोकांनी बॅगा काढल्या. मार्च २०२० मध्ये कोविडने वकिलाती बंद. एप्रिलमध्ये ट्रम्प साहेबांनी हुकूम काढून बाहेरून येणारे इमिग्रंट व्हिसाच थांबवले, त्यातून सिटिझनच्या बायकांना सूट, ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांना नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन यांनी ते उठवलं, मग साचलेली गर्दी, आणि ती निस्तरतेय तोवर एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये तारीख सप्टेंबर २०२० वर नेऊन ठेवली. नंबर होते तेव्हा ऑफिस बंद, ऑफिस नीट चालायला लागलं तर नंबर संपले. याला कोणी जबाबदार नाही, उगाच कोणाला बोलू नका.

मग तुम्ही म्हणाल की ठीके, व्हिसा येईल तेव्हा येईल, तोवर पोरगी टुरिस्ट म्हणून महिनाभर नवऱ्याकडे राहून येईल. किती भोळे हो तुम्ही. पहाटेची शिवनेरी पकडून बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत जा, खिडकीपुढे उभ्या राहा, आणि तो अधिकारी कॉम्प्युटरमध्ये बघेल की हिच्या नावावर आय-१३०, म्हणजे बायकोला न्यायचा नवऱ्याचा अर्ज, पडलेला आहे, म्हणजे हिला अमेरिकेत राहायचंय हे नवऱ्याने स्वतःच लेखी कळवलंय. टुरिस्ट व्हिसाला नेमकं उलटं पटवावं लागतं, की मी परत येणार. तिथला कायदा प्रत्येक पाहुण्याला आधी राहायलाच आलाय असं धरतो, कलम २१४ (बी), आणि हिने तर पुरावाच दिलाय. म्हणजे नायगारा बघायला शेजारचे जोशी जाऊ शकतात, नणंद बाळंतपणाला मदत म्हणून मैत्रिणीकडे जाऊन येते, नवऱ्याच्या घरात शनिवार-रविवार कोण कोण राहून जातं, फक्त त्याची बायको तेवढी जायची नाही, कारण तिला तिथे जायचं सबळ कारण आहे. माझा सल्ला असा की खिडकीवर ठामपणे सांगावं, नवऱ्यात मला काडीचा इंटरेस्ट नाही, फक्त धबधबा बघायचाय. पटलं तर व्हिसा, आणि तेच स्टेटमेंट पुढेमागे फॅमिली कोर्टात पण चालून जाईल.

हां, पण मग आय-१३० च्या इंटरव्ह्यूला हे बोलायचं नाही! तिथे लग्न खरं आहे हे दाखवावं लागतं. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की अंतरपाट धरलेला असताना काढलेले शंभर फोटो कुचकामाचे आहेत, त्यात एका बाजूला नवरा दिसतो नाहीतर दुसऱ्या बाजूला नवरी. अक्षतांचा पाऊस पण नको, तोंडं दिसत नाहीत. दोघं एका फ्रेममध्ये, मुंडावळ्या बाजूला, आणि मागे दोन्हीकडची म्हातारी माणसं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नवऱ्याशी भांडण झालं तर चॅट डिलीट करू नका, भांडणाइतका अस्सल संसाराचा पुरावा दुसरा नाही.

सणवार आपले व्यवस्थित चालू ठेवा. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो, त्यामुळे या वाटेत एक तरी लागतोच, २०२३ ला अधिक श्रावण झाला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. कुरिअरने पाठवाल तर पोचताना पीठ झालेलं असेल, त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावून फोनच्या कॅमेऱ्यापुढे ताट धरा, जावई पलीकडून नमस्कार करेल, आणि अनारसे सासऱ्यांनी खाऊन टाकावेत, शुगर नसेल तर.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर अशीच एक सून आहे. हिंजवडीत नोकरी. प्रोजेक्ट कुठलं म्हणाल तर न्यू जर्सीच्या क्लायंटचं, रात्री दीड-दोनपर्यंत त्यांच्या कॉलवर असते, तिकडे बर्फ पडला की हिला कळतं, तिकडची सुट्टी हिला असते, नवऱ्याच्या ऑफिसपासून तो क्लायंट म्हणे वीस मिनिटांवर आहे. म्हणजे लॅपटॉपला त्या देशात रोज एंट्री आहे. तिच्या सासूबाई दर मे महिन्यात गोडा मसाला केला की एक डबा तिच्या नावाने बाजूला काढून ठेवतात, वर कागद चिकटवून, तिकडे न्यायला म्हणून, आणि पुढच्या मेपर्यंत तो इथल्याच आमटीत संपतो. लिफ्टमध्ये भेटली की प्रत्येक जण विचारतो, काय मग, कधी जाणार? तिने एक उत्तर पाठ केलंय, प्रोसेस चालू आहे. तुमच्या मुलीला पण आत्तापासून हेच शिकवा, आणि हसत हसत म्हणायला शिकवा, नाहीतर तिसऱ्या मजल्यावर लगेच चर्चा सुरू होते की नवऱ्याने टाकलंय वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. तिकडे इमिग्रेशन रिफॉर्मची चर्चा सुरू झाली, टीव्हीवर सिनेटर भांडायला लागले, आणि जावयाचा रात्री फोन आला की आई, या वेळी नक्की होतंय, तर हो हो म्हणा आणि कूस बदलून झोपा. २००० साली व्ही व्हिसा काढला होता, की नवराबायकोने वाट बघायची तर निदान एकत्र बघावी, काय सुंदर विचार, पण तो २१ डिसेंबर २००० पर्यंत ज्यांचे अर्ज गेले होते त्यांच्यापुरताच. तुमची मुलगी तेव्हा पाळण्यात होती, तेव्हाच स्थळ बघून अर्ज टाकायला हवा होता, तुम्ही हलगर्जीपणा केलात. २००७ मध्ये मोठं बिल आलं, सिनेटमध्येच पडलं. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी पास केलं, त्यात ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांना कोट्यातून बाहेर काढायचं चक्क लिहिलेलं होतं, आणि खालच्या सभागृहाने ते मतालाच घेतलं नाही. २०२१ च्या बिलात परत तेच कलम, परत मतदान नाही. दर वेळी भांडण सीमेवरच्या भिंतीवर आणि कागदपत्रं नसलेल्या एक कोटीहून जास्त लोकांवर. रीतसर गेलेल्या माणसाची रीतसर बायको हा विषय टीव्हीवर चालतच नाही, तिच्यावर कोणाचाच राग नाही ना. दोन्ही पक्ष म्हणतात की लोकांनी कायद्याने यावं, रांगेत उभं राहावं. उभीच आहे की ती!

फारच सहन होत नसेल तर मंडईतून झेंडूची फुलं आणून पाठवा. हसू नका, झालंय हे. २००७ च्या जुलैत नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या सगळ्या तारखा करंट करून ऐन वेळी सरकारने शब्द फिरवला, तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी करत इमिग्रेशनच्या संचालकांच्या नावाने शेकडो गुच्छ पाठवले. त्यांनी ते जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला पाठवून दिले. पण त्याच महिन्यात निर्णय फिरला बरं का. तुमची मुलगी एकटी आहे, लॉबी नाही, संघटना नाही, तिच्या फुलांना वासही येणार नाही, तरी एक हार घालून ठेवायला काय जातंय.

खरा उपाय एकच, जावयाने सिटिझन व्हायचं. त्याला कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षं लागतात, त्यातला निम्मा काळ तरी प्रत्यक्ष तिकडे काढायचा, आणि सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर वकील कपाळाला हात लावतो. म्हणजे बायकोला लवकर न्यायचं असेल तर बायकोकडे कमी यायचं. मंगळागौर पण पाच वर्षंच पुजायची असते, त्यामुळे हिशोब सोपा आहे, पाची पूजा माहेरच्या हॉलमध्ये, झिम्मा-फुगड्या बायकांच्या बायकांत, नवरा तसाही त्या दिवशी घरात नकोच असतो.

आणि मग एकदाची त्याने शपथ घेतली की बायको कोट्यातून बाहेर, पेढे वाटा. फक्त मधल्या एखाद्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत नातवंडाची सोय झाली असेल तर पेढे जरा कमी आणा. ग्रीन कार्डवाल्याच्या अर्जात लेकरू आईच्या पदराला धरून जातं, बाप सिटिझन झाला की तसं चालत नाही, लेकराचा वेगळा आय-१३०, वेगळी फी. त्यामुळे जन्मदाखला आत्ताच इंग्रजीत काढून ठेवा आणि बापाच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. कुठे व्ही चा डब्ल्यू झालेला असेल तर दुरुस्तीला लगेच टाका, वॉर्ड ऑफिसात त्यालाही नंबर लावावा लागतो.